आपत्कालीन इशारा : एक संहिताप्रकार आणि शासनवाणीच्या कायदेशीर मर्यादा

१. विषयाची मांडणी

तौलनिक साहित्याभ्यासात ज्या संहितांकडे सहसा लक्ष जात नाही, अशा संहितांपैकी एक म्हणजे शासनाने नागरिकांना दिलेला आपत्कालीन इशारा होय. ही संहिता मोजक्या शब्दांची असते, तिला लेखकाचे नाव नसते आणि प्रसंग सरला की ती कोणी जपून ठेवत नाही. असे असले तरी प्रत्येक भाषिक समाजात या प्रकाराची काही एक परंपरा आढळते. मराठी मुलखात पाटलाच्या हुकमाने गावात दवंडी पिटली जात असे. वाद्याचा ठोका ऐकू येताच माणसे हातचे काम थांबवून कान देत. दवंडीचे शब्द साधेच असत. ती कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या कामासाठी फिरते, याविषयी गावाला जी खात्री असे, तीतून त्या शब्दांना वजन येई.

आज दवंडीची जागा रेडिओ, दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांवरून येणाऱ्या इशाऱ्याने घेतली आहे. पुस्तक मिटता येते, रेडिओ बंद करता येतो. परंतु भ्रमणध्वनीवरील इशारा वाचकाच्या अनुमतीवाचून त्याच्या हाती, खिशात, उशाशी येऊन वाजतो. या नव्या सामर्थ्यामुळे एक प्रश्न उभा राहतो. ही वाणी शासनाने कशासाठी वापरावी, कशासाठी वापरू नये आणि ही सीमा कोणी आखावी?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायद्याच्या आधारे केला आहे. या विषयावर तेथे संसदेने स्पष्ट शब्दांत मर्यादा घातली आहे आणि तिच्याभोवती न्यायालयीन वादही झाला आहे. त्यानंतर भारतातील स्थितीचा परामर्श घेतला आहे. लेखाचे प्रतिपाद्य असे की, आपत्कालीन इशाऱ्यावरील कायदेशीर मर्यादा ही या संहिताप्रकाराची घटक अट आहे. तथापि हा कायदा इतरांनी केलेल्या अनुकरणाला जितका कठोर आहे, तितका शासनाच्या स्वतःच्या गैरवापराला नाही. या असमतोलाचा भार अखेरीस इशारा वाचणाऱ्याच्या विश्वासावर पडतो.

२. उक्ती, कृती आणि आप्तत्व

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेली आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने या विषयाच्या आकलनास उपयुक्त ठरतात. काही वाक्ये माहिती देत नाहीत, तर उच्चारली जाताच एखादी कृती पार पाडतात, असे ऑस्टिन यांनी दाखवून दिले. इशारा देणे ही अशीच एक कृती होय. अशी कृती यशस्वी होण्यास काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. बोलणाऱ्यास अधिकार असावा लागतो, प्रसंग योग्य असावा लागतो आणि उच्चारण ठरलेल्या रीतीने व्हावे लागते. इशाऱ्याच्या बाबतीत आणखी एक अट आहे. ऐकणाऱ्याला पडताळा घेण्यास अवधी नसतो, म्हणून त्याने आधी मानावे आणि मग विचारावे, असे नाते वक्ता व श्रोता यांच्यामध्ये अगोदरच प्रस्थापित झालेले असावे लागते.

भारतीय न्यायदर्शनाच्या परिभाषेत सांगावयाचे तर इशारा हे आप्तवाक्य मानले जावे अशी अपेक्षा असते. आप्त म्हणजे विषयाचे ज्ञान असलेला आणि ते यथार्थ सांगण्याची इच्छा असलेला. शासन स्वभावतः आप्त नसते. ते मतांची याचना करते, स्वतःच्या कामाची जाहिरात करते, विरोधकांना उत्तरे देते. इशारा देताना मात्र त्याने ही सारी रूपे बाजूला ठेवून केवळ संकटाविषयी बोलावे, असा अलिखित करार असतो. कायद्याने घातलेली मर्यादा हा करार लिखित स्वरूपात आणते. कोणत्या विषयावर बोलले असता ही संहिता इशारा ठरते, हे कायदा सांगतो आणि त्या अर्थाने संहिताप्रकाराची व्याख्याच तो करीत असतो.

३. कल्पित आणि रेडिओ

अमेरिकेत या प्रश्नाची पहिली ठळक चर्चा एका साहित्यकृतीच्या निमित्ताने झाली. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या १८९८ मधील 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीचे नभोनाट्य सादर केले. त्यात मंगळावरील प्राण्यांच्या आक्रमणाची कथा रेडिओवरील बातमीपत्राच्या रूपात सांगितली होती. नाटकाच्या प्रारंभी ते नाटक असल्याचे सांगितले होते. पण मध्येच रेडिओ लावणाऱ्या श्रोत्यांपैकी काहींनी ते सत्य मानले. देशभर हाहाकार उडाल्याची त्या काळातील वर्णने अतिरंजित होती, असे पुढील संशोधकांचे मत आहे. तथापि एका प्रकाराची संहिता दुसऱ्या प्रकाराचा वेष घेऊन आली तर काय घडते, हा प्रश्न त्या प्रयोगाने सार्वजनिक चर्चेत आणला.

१९३४ च्या दळणवळण कायद्यात संकटाचा खोटा संकेत हेतुपुरस्सर प्रसारित करण्यास बंदी होतीच. पुढे १९९२ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (यापुढे 'आयोग') गुन्हा वा अरिष्ट यांविषयी खोटी बातमी प्रसारित करण्यासंबंधी स्वतंत्र नियम केला. बातमी खोटी असल्याचे केंद्राला ठाऊक असणे, तिच्यामुळे लोकांची मोठी हानी होईल हे अगोदर कळण्याजोगे असणे आणि तशी हानी प्रत्यक्षात होणे, अशा तीन अटी त्यात घातल्या आहेत. कार्यक्रम कल्पित असल्याची योग्य प्रकारची सूचना सोबत दिली असेल, तर हानी अगोदर कळण्याजोगी नव्हती असे गृहीत धरले जाते. साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने हा नियम लक्षणीय आहे. कादंबरीच्या आरंभी छापले जाणारे 'सर्व पात्रे काल्पनिक' हे निवेदन येथे विधिनियमाचा भाग झाले आहे.

४. राष्ट्राध्यक्षांचा आवाज

१९३४ च्या त्याच कायद्यातील ७०६ व्या कलमाने युद्ध, युद्धाचा धोका अथवा राष्ट्रीय आणीबाणी अशा प्रसंगी प्रसारण केंद्रे बंद करण्याचे वा ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिले. शीतयुद्धाच्या काळात या अधिकारांच्या छायेत इशारा यंत्रणा आकारास आली. १९५१ मध्ये सुरू झालेल्या 'कॉनेलरॅड' योजनेत संकटसमयी ६४० आणि १२४० किलोहर्ट्झ या दोनच ठिकाणांवरून प्रसारण व्हावयाचे होते. शत्रूच्या विमानांना रेडिओ केंद्रांच्या लहरींवरून दिशा शोधता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. १९६३ मध्ये तिची जागा आपत्कालीन प्रसारण यंत्रणेने आणि १९९७ मध्ये आपत्कालीन इशारा यंत्रणेने घेतली.

या सर्व योजनांचे मूळ प्रयोजन एकच होते. अणुयुद्ध झाले तरी राष्ट्राध्यक्षांना जनतेशी बोलता आले पाहिजे. प्रत्यक्षात चाचण्या वगळता राष्ट्रीय पातळीवरील हा इशारा आजवर एकदाही दिला गेलेला नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांच्या दिवशीही तो दिला गेला नाही, कारण वृत्तवाहिन्या ते काम आधीच करीत होत्या. वादळ, पूर, बेपत्ता बालके यांविषयीचे स्थानिक इशारे हेच या यंत्रणेचे रोजचे काम राहिले. एका अर्थाने ही एक विलक्षण संहिता आहे. तिच्यासाठी यंत्रसामग्री, कायदा आणि सराव हे सर्व सिद्ध आहे. पण तिचा मूळ मजकूर अद्याप लिहिला गेलेला नाही. तो काय असू शकेल, हा प्रश्न म्हणूनच कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

५. अनुकरणावरील बंदी

इशारा यंत्रणेच्या विशिष्ट ध्वनीसंबंधी आयोगाचा नियम अत्यंत कडक आहे. प्रत्यक्ष आपत्ती, अधिकृत चाचणी आणि नियमात दिलेले थोडे अपवाद सोडले, तर तो ध्वनी अथवा त्याचे अनुकरण प्रसारित करण्यास कोणासही मनाई आहे. २०१३ मध्ये 'ऑलिम्पस हॅज फॉलन' या चित्रपटाच्या जाहिरातीत हा ध्वनी वापरला गेला. त्याबद्दल आयोगाने २०१४ मध्ये तीन माध्यमकंपन्यांवर मिळून सुमारे १९ लाख डॉलरचा दंड प्रस्तावित केला. चित्रपट कल्पित आहे, हे प्रत्येक प्रेक्षकाला कळत होते. परंतु या नियमापुढे तो बचाव टिकणारा नव्हता.

येथे भाषा-तत्त्वज्ञानातील एक जुना वाद पुन्हा समोर येतो. शब्दाचा प्रयोग आणि शब्दाचा उल्लेख यांत तत्त्ववेत्ते भेद करतात. रंगभूमीवर वा कवितेत उच्चारलेली कृतिवाचक वाक्ये ही मूळ वाक्यांच्या जिवावर जगणारी असतात, असे सांगून ऑस्टिन यांनी त्यांना आपल्या विचाराबाहेर ठेवले होते. जाक देरिदा यांनी १९७१ मधील निबंधात त्यास आक्षेप घेतला. कोणतेही चिन्ह उद्धृत करता येते म्हणूनच ते चिन्ह असते, असे त्यांचे म्हणणे होते. आयोगाचा नियम या वादात एक तिसरीच बाजू घेतो. देरिदांप्रमाणे तो मान्य करतो की, ध्वनी कोठेही उद्धृत होऊ शकतो. आणि नेमक्या त्याच कारणास्तव तो उद्धरणावर बंदी घालतो. कादंबरीकाराला सूचना देऊन सुटण्याची जी वाट १९९२ च्या नियमाने ठेवली आहे, ती ध्वनीच्या बाबतीत नाही. कान ध्वनीला प्रतिसाद देतो तो संदर्भ समजण्याच्या आधी, आणि वारंवार फसलेला कान पुढे प्रतिसादच देत नाही, असे या नियमामागील तर्कशास्त्र आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट ज्या समाजात लहानपणीच सांगितली जाते, त्याला हे तर्कशास्त्र नवे वाटणार नाही.

६. नकार न देता येणारा संदेश

भ्रमणध्वनीने या प्रश्नाला नवे वळण दिले. २००६ मध्ये संमत झालेल्या कायद्याने दूरसंचार कंपन्यांच्या स्वेच्छा सहभागातून भ्रमणध्वनीवर इशारे देण्याची व्यवस्था निर्माण केली आणि २०१२ मध्ये ती कार्यान्वित झाली. तिचे तंत्र नेहमीच्या लघुसंदेशाहून निराळे आहे. संदेश विशिष्ट क्रमांकांना जात नाही. मनोऱ्याच्या कक्षेतील प्रत्येक सक्षम संचावर तो एकाच वेळी प्रक्षेपित होतो. त्यामुळे कोणी तो वाचला हे शासनाला कळत नाही. पण वाचकालाही आपले नाव यादीतून काढून घेता येत नाही, कारण यादीच नसते. नको असलेले इशारे बंद करण्याची सोय ग्राहकांना देण्याची मुभा कायद्याने कंपन्यांना दिली. मात्र राष्ट्राध्यक्षांचा इशारा त्यातून वगळला. मजकुराची मर्यादा आरंभी ९० अक्षरांची होती. २०१९ पासून नव्या संचांसाठी ती ३६० करण्यात आली.

नकार देता येत नाही, तर निदान विषयाची मर्यादा असावी, या विचाराचे फलित म्हणजे ११ एप्रिल २०१६ रोजी अमलात आलेला कायदा. त्यातील एका छोट्या कलमाचा आशय असा : चाचणीस आवश्यक तेवढा भाग सोडून, नैसर्गिक आपत्ती, दहशतवादी कृत्य, अन्य मानवनिर्मित आपत्ती अथवा सार्वजनिक सुरक्षिततेस असलेला धोका यांच्याशी ज्याचा संबंध नाही, असा संदेश या यंत्रणेवरून पाठवता येणार नाही. प्रचार, अभिनंदन, धोरणाचे समर्थन यांना या वाक्याने दार बंद केले.

हे वाक्य साहित्यशास्त्रीय दृष्टीने वाचता त्यातील दोन जागा संदिग्ध दिसतात. 'संबंध असणे' म्हणजे नेमके किती, हे ते सांगत नाही. आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' हा शब्द बराच लवचिक आहे. २०२० च्या मे-जून महिन्यांत पोलिसी अत्याचाराविरुद्ध निदर्शने चालू असताना लॉस एंजेलिससह काही शहरांच्या प्रशासनांनी संचारबंदीची सूचना याच मार्गाने भ्रमणध्वनींवर पाठवली. पूर येत आहे, उंचावर जा, हा इशारा होय. रात्री घराबाहेर पडू नका, हा आदेश होय. पहिल्यात शासन वाचकाला संकटाची वार्ता देते. दुसऱ्यात ते वाचकाच्या वर्तनाला बंधन घालते. व्याकरणदृष्ट्या दोहोंतील क्रियापद आज्ञार्थीच असते आणि त्यामुळे एक प्रकार दुसऱ्यात सहज सरकतो. कायद्याचे वाक्य हे सरकणे रोखू शकत नाही. शिवाय त्या कलमात भंगाबद्दल शिक्षा सांगितलेली नाही.

न्यायालयाच्या दारी हा प्रश्न २०१८ मध्ये गेला. ३ ऑक्टोबर रोजी 'राष्ट्राध्यक्षांचा इशारा' या शीर्षकाखाली भ्रमणध्वनींवर देशव्यापी चाचणी व्हावयाची होती. न्यूयॉर्कमधील काही नागरिकांनी तिला आव्हान दिले. शासनाची वाणी आपल्या खासगी साधनावर, आपल्या इच्छेविरुद्ध उमटवणे हे सक्तीचे श्रवण होय आणि उद्या हा मार्ग प्रचारासाठी वापरला जाईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. न्यायालयाने चाचणी थांबवण्यास नकार दिला. पुढे २०२० मध्ये दावा चालवण्यास लागणारी प्रत्यक्ष इजा दिसत नाही, या आधारावर तो फेटाळण्यात आला. त्याच ३ ऑक्टोबरच्या रात्री 'जिमी किमेल लाइव्ह' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात या चाचणीचे विडंबन झाले आणि त्यात इशाऱ्याच्या ध्वनीची नक्कल वापरली गेली. २०१९ मध्ये त्या वाहिनीने आयोगाशी तडजोड करून ३,९५,००० डॉलर भरले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी कायद्याला धरून आहेत. तथापि ते शेजारी ठेवले असता असमतोल स्पष्ट होतो : शासनाच्या संभाव्य गैरवापराविरुद्ध दाद मागणाऱ्यास उभे राहण्यास जागा नाही आणि शासनवाणीची थट्टा करणाऱ्यास दंड आहे.

सक्तीच्या श्रवणाचा प्रश्न अमेरिकी न्यायालयांस नवा नव्हता. वॉशिंग्टनमधील ट्रामगाड्यांत प्रवाशांना रेडिओ ऐकवण्याच्या प्रथेविरुद्धचा खटला १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बहुमताने प्रथा वैध ठरली. न्यायमूर्ती डग्लस यांनी विरोधी मत नोंदवले. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी, त्या रेडिओचा आपल्यालाच फार त्रास होत असल्याने आपण निःपक्ष राहू शकत नाही, असे सांगून निर्णयात भाग घेतला नाही. १९७४ मध्ये मात्र सार्वजनिक वाहनांतील बंदिस्त श्रोत्यांचा विचार करून राजकीय जाहिराती नाकारण्याचा नगरपालिकेचा अधिकार त्याच न्यायालयाने मान्य केला. भ्रमणध्वनीधारक हा या ट्रामप्रवाशाचा वंशज होय; फरक एवढाच की त्याला पुढच्या थांब्यावर उतरता येत नाही.

२०२१ मध्ये कायद्यातील दुरुस्तीस अनुसरून आयोगाने 'राष्ट्राध्यक्षांचा इशारा' हे नाव बदलून 'राष्ट्रीय इशारा' असे केले. शब्दाचा हा बदल लहान असला तरी निरर्थक नाही. लोकशाहीत पद व्यक्तीहून मोठे आणि राष्ट्र पदाहून मोठे, ही जाणीव त्यात आहे. इशारा बंद न करता येण्याची तरतूद मात्र कायम राहिली.

७. चूक आणि भाषांतर

मर्यादांचा विचार हेतुपुरस्सर गैरवापरापुरता ठेवता येत नाही. चुकीचाही परिणाम तोच होतो. २० फेब्रुवारी १९७१ रोजी साप्ताहिक चाचणीऐवजी खऱ्या आणीबाणीची फीत यंत्रणेत घातली गेली आणि ती रद्द करण्यास सुमारे ४० मिनिटे लागली. अनेक केंद्रांनी त्या संदेशानुसार काहीच केले नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा भ्रमणध्वनींवर गेला आणि त्याची दुरुस्ती ३८ मिनिटांनी झाली. आयोगाच्या चौकशीत आढळले की, सरावासाठी वाजवलेल्या ध्वनिमुद्रणात प्रारंभी व शेवटी 'हा सराव आहे' असे शब्द होते, पण मध्ये 'हा सराव नाही' हेही वाक्य होते. इशारा पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याने मधले वाक्य खरे मानले. कल्पिताची चौकट सैल पडली की काय होते, याचे इतके शुद्ध उदाहरण साहित्यातही क्वचित मिळेल.

तौलनिक अभ्यासकांना तैवानमधील घटना अधिक विचारप्रवृत्त करील. ९ जानेवारी २०२४ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीस चार दिवस उरले असता, तेथील भ्रमणध्वनींवर एक द्विभाषिक इशारा आला. चिनी मजकुरात चीनने उपग्रह सोडल्याचे म्हटले होते. इंग्रजी मजकुरात क्षेपणास्त्र असा शब्द होता. संरक्षण मंत्रालयाने इंग्रजी मजकुराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. विरोधी पक्षांनी मात्र इशाऱ्याच्या वेळेविषयी आणि हेतूविषयी शंका घेतली. एकाच इशाऱ्याच्या दोन भाषांतील संहिता दोन निरनिराळ्या कृती करीत होत्या. निवडणुकीच्या तोंडावर असा प्रमाद घडला की तो निव्वळ प्रमाद आहे हेही सिद्ध करणे अवघड होते. २३ एप्रिल २०२३ रोजी ब्रिटनने घेतलेल्या चाचणीत वेल्श मजकुरातील 'सुरक्षित' या अर्थाचा शब्द बिघडून निरर्थक झाला होता. नेमका तोच शब्द बिघडावा, हा योगायोग असला तरी अल्पसंख्य भाषांकडे यंत्रणा कोणत्या लक्षाने पाहते, याची ती खूण होय.

८. भारतातील स्थिती

अमेरिकेतील विधिनियम शासनाच्या संदेशाचा विषय उघडपणे ठरवतो. भारतात तशी मर्यादा एका वाक्यात सापडत नाही. ती अनेक ठिकाणांहून गोळा करावी लागते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या ६७ व्या कलमानुसार राष्ट्रीय, राज्य वा जिल्हा प्राधिकरणाच्या शिफारशीवरून शासन कोणत्याही दृक्‌श्राव्य अथवा अन्य माध्यमास आपत्तीविषयक इशारा प्रसारित करण्याचे निर्देश देऊ शकते आणि माध्यमास ते पाळावे लागतात. कलमात विषय आपत्तीचा आहे, म्हणून मर्यादा अध्याहृत आहे असे म्हणता येईल. अन्य कशासाठी ही सक्ती वापरू नये, असे निषेधवाक्य मात्र त्यात नाही. ५४ वे कलम आपत्तीविषयी खोटा इशारा देऊन घबराट निर्माण करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास अथवा दंड सांगते. ७३ वे कलम सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांना संरक्षण देते. अनुकरण करणारा आणि अधिकृत वक्ता यांना निरनिराळ्या मापाने मोजण्याची जी रीत अमेरिकेत दिसली, तिचीच छाया येथेही आहे.

ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२३ या काळात दूरसंचार विभागाने निरनिराळ्या राज्यांत भ्रमणध्वनी-प्रक्षेपणाच्या चाचण्या घेतल्या. हा नमुना संदेश असून त्याकडे दुर्लक्ष करावे, असे त्यात सांगितले होते. मोठ्या आवाजाने लक्ष वेधून घ्यावयाचे आणि मग दुर्लक्ष करण्यास सांगावयाचे, हा चाचणीसंहितेतील अटळ विरोधाभास होय. त्यापूर्वी, २०२० पासून महासाथीच्या काळात, प्रत्येक दूरध्वनीपूर्वी ऐकू येणाऱ्या आरोग्यसूचनेने सक्तीच्या श्रवणाचा अनुभव देशभर पोचवला होता. सूचना हितकारक होती. पण रोजच्या आवर्तनाने ती ऐकू येऊनही ऐकली जाईनाशी झाली.

भारतीय न्यायालयांच्या निर्णयांत या प्रश्नास लागणारी तत्त्वे विखुरलेली आढळतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. २००५ मधील ध्वनिप्रदूषणविषयक निर्णयात, एकाला बोलण्याचा अधिकार आहे तसाच दुसऱ्याला ऐकण्याचा वा न ऐकण्याचा अधिकार आहे आणि कोणालाही ऐकण्याची सक्ती करता येत नाही, असे प्रतिपादन केले. १३ मे २०१५ रोजी शासकीय जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून देताना सार्वजनिक पैशातून सत्ताधारी पक्षाचा वा व्यक्तीचा गौरव होऊ नये, असे सांगितले. मार्च २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्यावर नागरिकांच्या व्हॉट्सॲपवर जाणारे 'विकसित भारत' संदेश थांबवण्याचे निर्देश निवडणूक आयोगाने संबंधित मंत्रालयास दिले. ते संदेश आपत्कालीन इशाऱ्याच्या यंत्रणेवरून गेलेले नव्हते. तरीही त्यातून एक गोष्ट लक्षात येते. शासनाच्या संदेशावर तात्काळ लागू होणारा अंकुश तेथे आचारसंहितेमुळे उपलब्ध झाला, आणि आचारसंहिता निवडणुकीपुरतीच असते. इशारा यंत्रणेला मात्र ऋतू नसतो.

भाषेचा प्रश्न भारतात अधिक गुंतागुंतीचा आहे. मनोऱ्यावरून प्रक्षेपित होणारा संदेश स्थळाला बांधलेला असतो. वाचक भाषेला बांधलेला असतो. इंदूर, बडोदे वा तंजावर येथील मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्या त्या प्रदेशाची भाषा जाणतात, त्यांची फारशी अडचण होणार नाही. हंगामापुरता परप्रांतात गेलेला मजूर, किंवा मुंबईत नुकताच आलेला अन्य भाषक, यांच्यापर्यंत मात्र केवळ स्थळावरून भाषा ठरवलेला इशारा ध्वनी म्हणून पोचेल, अर्थ म्हणून पोचणार नाही. सक्तीने ऐकावयास लावलेल्या संदेशाचा अर्थ कळणे हा वाचकाचा हक्क मानला, तर भाषा ही सोयीची बाब न राहता मर्यादेचाच एक भाग ठरते.

९. समारोप

आपत्कालीन इशारा हा असा संहिताप्रकार आहे की, त्याचे सामर्थ्य त्याच्या विरळपणावर अवलंबून असते. अमेरिकी विधिमंडळाने हे ओळखून २०१६ मध्ये विषयाची मर्यादा घातली, ही महत्त्वाची घटना होय. मात्र त्या मर्यादेमागे दंड नाही, तिचा अर्थ लावण्याचे काम प्रायः इशारा देणाऱ्याकडेच आहे आणि न्यायालयाचे दार गैरवापर घडल्यानंतरच उघडण्याची शक्यता आहे. भारतात तर ते निषेधवाक्यही अद्याप विधिनियमात लिहिलेले नाही. त्याला लागणारी तत्त्वे न्यायनिर्णयांत तयार आहेत.

या चर्चेवरून तीन गोष्टी आवश्यक ठरतात. इशाऱ्याचा विषय आपत्तीपुरता राखणारे स्पष्ट वाक्य कायद्यात असावे. इशारा आणि आदेश यांतील भेद मजकुराच्या रचनेतच दिसावा. आणि पाठवलेला प्रत्येक इशारा, त्याच्या सर्व भाषांतील पाठांसह, पुढील तपासणीसाठी जतन व्हावा. यांतील तिसरी गोष्ट विशेषतः साहित्याभ्यासकांच्या कक्षेत येते. पाठभेद पाहणे, भाषांतर तपासणे, वाक्य कोणाच्या मुखी आहे हे विचारणे ही त्यांची नित्याची कामे होत. पुराच्या रात्री हाती आलेल्या चार ओळींवर विश्वास ठेवून जो माणूस मुलांना घेऊन घर सोडतो, त्याच्यापाशी ही तपासणी करण्यास वेळ नसतो. ती त्याच्यासाठी आधीच कोणीतरी केलेली असावी लागते.